थेम्सकाठची वहिवाट

हिवाळ्यात इंग्रज माणूस तुम्हाला घरी जेवायला बोलावत नाही, चालायला बोलावतो. तेही तीन-चार आठवडे आधी, डायरी बघून. त्या दिवशी पाऊस पडला तर काय, हे तो बोलत नाही. पडणार हे त्यानं धरलेलंच असतं. कुठे जायचं म्हणून विचारलं तर एका नदीचं नाव सांगतो. तिथे बघायचं काय, तर खास असं काही नाही. मग जायचं कशाला? यावर तो इतक्या निरागसपणे तुमच्याकडे बघतो की विचारल्याबद्दल तुम्हालाच ओशाळं वाटावं.

आपण मराठी माणसं चालत नाही असं कुणी म्हणू नये. आळंदीहून पंढरपूरला आपण चालत जातो. गड चढतो, गिरनार चढतो, साखर वाढल्यावर तर कॉलनीतल्या बागेला रोज पहाटे दहा फेऱ्या घालतो. पण या प्रत्येक चालण्याच्या शेवटी काहीतरी असतं: विठोबा, बुरूज, दत्ताच्या पादुका, अगदीच काही नाही तर लॅबचा रिपोर्ट. इंग्रजाच्या चालण्याच्या शेवटी बहुतेक वेळा त्याची स्वतःची मोटार असते, जी सकाळी त्यानंच तिथे उभी केलेली असते.

रेडिंगमध्ये आमच्या घराला लागून एक इंग्रज गृहस्थ राहतात. निवृत्त, एकटे, सोबतीला बिस्किट नावाची काळी लॅब्रॅडॉर कुत्री. इतक्या वर्षांत कुंपणावरून आमचं जे काही बोलणं झालं ते दोन विषयांवर. एक हवा, आणि दुसरा, या आठवड्यात कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा. एकमेकांच्या घराच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत, पण त्यांना भाऊबहीण आहेत की नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. विचारायचं कसं? इथे ते विचारत नाहीत.

डिसेंबरात माझा कॉलेजातला मित्र नाना आला. सांगलीचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. लेकीच्या बाळंतपणासाठी तो आणि वहिनी आलेत. म्हणजे बाळंतपण वहिनी करतात, नाना देखरेख करतो, आणि देखरेख करून दमला की माझ्याकडे येतो. आल्या दुसऱ्याच दिवशी तो कुंपणापाशी गेला आणि शेजाऱ्यांना खणखणीत आवाजात म्हणाला, "हॅलो सर! हाऊ मच पेन्शन?"

मी पडद्याआड झालो. शेजारी क्षणभर गप्प राहिले, आभाळाकडे बघून उद्या धुकं पडेलसं दिसतंय म्हणाले, आणि आत गेले. झालं, संपलं, म्हटलं. संध्याकाळी दाराच्या फटीतून चिठ्ठी पडली: जानेवारीत एका रविवारी गोरिंग ते पँगबर्न नदीकाठानं चालायचं का? तुमच्या मित्रांनाही आणा. खाली काय काय आणायचं याची यादी होती. त्यात बूट होते, कोरडे मोजे होते, मोज्यांची आणखी एक जोडी होती. खाण्याचं काही नव्हतं.

खाण्याचं बघायला वहिनी होत्या. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले डझनभर बाजूला निघाले. "तिला एवढे लागत नाहीत," वहिनी म्हणाल्या. लेक मागून काहीतरी म्हणत होती, ते आम्ही ऐकलं नाही. चौथे डॉक्टर. कोल्हापूरचे, इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्यांनी या एका चालण्यासाठी जलरोधक विजार, दोन काठ्या, डोक्याला बांधायचा दिवा आणि एव्हरेस्टच्या पायथ्याशी शोभेल असा सदरा विकत घेतला. नानानं जावयाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घातले होते. जावई सहा फुटी असल्यानं बुटांच्या पुढच्या भागात वर्तमानपत्रं कोंबावी लागली. वर कानटोपी, मफलर, आणि स्वेटरवर स्वेटर. शेजाऱ्यांनी आम्हा चौघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'छान' म्हणाले. त्यांच्या अंगात एक जुनाट मेणकापडी कोट होता, ज्याच्या खिशातून नंतर दिवसभरात दोरी, चाकू, कुत्र्याची बिस्किटं, पट्टी आणि अर्धा कांदा निघाला. कांद्याचा खुलासा झाला नाही.

रेडिंगहून गोरिंग गाडीनं फार लांब नाही. नदीच्या या काठाला गोरिंग, पलीकडे स्ट्रीटली. इकडे ऑक्सफर्डशर, तिकडे बर्कशर. एका बाजूला चिल्टर्नच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला बर्कशर डाउन्स, आणि मधली ही खिंड थेम्सनं हिमयुगात खडूचा डोंगर चिरून पाडली. काठानं जाते ती वाट थेम्स पाथ. ग्लॉस्टरशरमधल्या उगमापासून लंडनच्या थेम्स बॅरियरपर्यंत १८४ मैल, १९९६ साली राष्ट्रीय पायवाट म्हणून खुली झालेली. आमच्या वाट्याला त्यातले चारेक मैल येणार होते.

"उगमापाशी देऊळ आहे का?" नानानं विचारलं.

नाही, शेजारी म्हणाले. केंबल गावाजवळ एका कुरणात एक झाड आहे, आणि थेम्स इथे उगम पावते असं सांगणारा एक दगड. बहुतेक वेळा तिथे पाणी नसतं.

"पाणी नाही, मग उगम कशावरून?"

"दगडावर लिहिलंय."

नाना माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "महाबळेश्वरला गोमुखातून पाणी बाराही महिने पडतं, अन् आम्हाला कागदपत्रं मागतात." मग पाटबंधारे खातं जागं झालं. लांबी किती? ३४६ किलोमीटर. कृष्णा १४००. म्हणजे ही चार आणे नदी. तेवढ्यातही इंग्रजांनी ४५ ठिकाणी लॉक घातलेत, म्हणजे दोन बाजूंना दारं असलेले पाण्याचे हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून किंवा भरून तिला खाली-वर करायचं. गोरिंगच्या लॉकपाशी नाना पाऊण तास रमला. दारांचं लाकूड, झडपा, बांधावरून पडणारं पाणी. शेजारी थंडीत उभे राहून एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि ठाऊक नसेल तिथे माफी मागत होते.

लॉकवर पिवळा फलक लागला होता: सावधान, प्रवाह वाढतो आहे. शेजारी म्हणाले, पिवळा म्हणजे नावाड्यांनी जपावं. लाल लागला की नाव बांधून ठेवून घरी बसावं.

"पण पातळी किती फूट?"

फलकावर फूट नव्हते. नानाला हे फार लागलं. सांगलीला आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका. २०१९ला ५७च्याही वर गेलं होतं आणि नाना तीन रात्री झोपला नव्हता, हे त्यानं इंग्रजीत हातवाऱ्यांसकट सांगितलं. शेवटी म्हणाला, "१९२९चा पूल, सर. लॉर्ड आयर्विन. युवर मॅन!"

"ओह," शेजारी म्हणाले, "आय ॲम सो सॉरी."

पूल उत्तम आहे, असं नानानं समजावलं. त्याबद्दलही त्यांनी सॉरी म्हटलं.

लॉक मागे पडलं आणि चिखल सुरू झाला. जानेवारीत थेम्सकाठच्या कुरणांतलं गवत हा निव्वळ देखावा असतो. वर हिरवं दिसतं, पाय ठेवला की खालून राड वर येते, आणि पाय उचलायला गेलं की बूट तिथेच राहून मोजा वर येतो. जावयाच्या बुटात वर्तमानपत्रं असल्यानं नानाचं हे पुन्हा पुन्हा होत होतं. फाटकांपाशी तर गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी साखर कारखान्याच्या हंगामातल्या पाणंदीची कळा आली होती. तिथे एकावेळी एकच माणूस मावेल असं झुलतं फाटक असतं: आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरायचं, फाटक आपल्या पोटावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. गायीला हे जमत नाही. डॉक्टरांना पाठीवरच्या पिशवीसकट जमलं नाही. काठ्या एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि मधे डॉक्टर, असे ते अडकले. मागे जमलेल्या सहा-सात इंग्रजांनी रांग लावली आणि सगळे नदीकडे बघू लागले. डॉक्टरांना कुणी घाई केली नाही, कुणी मदतही केली नाही. वहिनींनी शेवटी पिशवीला हिसडा दिला.

एव्हाना नानाला वेगळीच शंका सतावत होती. "हे शेत कुणाचं?"

कुणाचं तरी. शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

"मग आपण यातून चाललोय कसे? मालक येईल की काठी घेऊन!"

इथे शेजाऱ्यांनी कोटातून नकाशा काढला. त्यांच्या आवाजात प्रथमच भावना आली. नकाशावर हिरव्या तुटक रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे लोकांच्या हक्काची वाट. शेत कुणाचंही असो, वाट लोकांची. १९४९ साली कायदा झाला, आणि अशा वाटा नोंदून त्यांचे नकाशे करायचं काम कौंटी कौन्सिलांवर आलं. आणि एखादी वाट नोंदलेली नसली, पण लोक तिथून २० वर्षं उघडपणे, बिनविरोध, परवानगी न मागता चालत असले, तर कायदा ती वाट लोकांची धरतो.

नाना चिखलात जागच्या जागी थांबला. त्याच्या आयुष्यातली बारा वर्षं तहसीलदाराच्या कचेरीत गेलीत. चुलतभावानं पाणंद नांगरून ऊस लावला, तेव्हापासून १९०६च्या मामलेदार कोर्ट ॲक्टच्या कलम ५खाली अर्ज, स्थळपाहणी, पंचनामा, अपील, फेरअपील. वहिवाट या विषयावर तो झोपेतही बोलतो. "ट्वेंटी इयर्स?" तो ओरडला. "सेम! आमच्या इझमेंट ॲक्टमध्ये सेम! १८८२! तुमच्याच लोकांनी केलेला!"

त्यानंतर ते दोघं पुढे गेले आणि आम्ही मागे राहिलो.

मला वाटलं होतं, पाच मिनिटांत शेजारी हवेवर येतील. नाही आले. त्याचं कारण माझ्या हळूहळू लक्षात आलं, आणि या चालण्याच्या वेडाचा मला लागलेला अर्थ तो एवढाच आहे. इंग्रज माणसाला समोरासमोर बसवून बोलायला लावलं तर तो हवेशिवाय कशावरही बोलू शकत नाही. तोंडाकडे बघत बोलणं त्याला झेपत नाही; ते त्याला चौकशी समितीपुढे बसल्यागत होतं. पण त्याला तुमच्या शेजारून चालवा, वाट अशी निवडा की दोघांनाही नजर पायाखालून हलवता येऊ नये, मग तो कुलूप काढतो. चिखलाकडे बघत तो वाटेल ते सांगतो. कुत्रा हवा, म्हणजे बोलणं फार जवळ आलं की त्याला हाक मारता येते. पाऊस असला तर उत्तम, मान आपोआप खाली जाते. १८४ मैल वाट राखायचा, फाटकांना वंगण घालायचा, खुणेच्या पाट्या रंगवायचा एवढा खटाटोप या लोकांनी उगाच केलेला नाही. आपल्याकडे हेच काम कट्टा करतो, आणि त्याला चार दगड पुरतात.

समोरून माणसं येत होती. प्रत्येकजण 'मॉर्निंग' म्हणत होता. बारा वाजले तसा तो 'आफ्टरनून' झाला, कुणाचाही चुकला नाही. हीच माणसं सोमवारी पॅडिंग्टनच्या गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसतील आणि एकानंही तोंड उघडलं तर बाकीचे डबा बदलतील. पण वाटेवर चिखल लागलेला माणूस हा सज्जन, असा काहीसा नियम आहे. शेजाऱ्यांना त्यातले निम्मे ओळखीचे होते. म्हणजे कुत्रे ओळखीचे होते. "ही डेझी, हिचं मागच्या वर्षी पायाचं ऑपरेशन झालं. हा मॉन्टी, याला बदकं आवडत नाहीत." डेझीच्या मालकाचं नाव काय, वहिनींनी विचारलं. शेजारी विचारात पडले. आठ-नऊ वर्षं भेटतो आहे खरा, म्हणाले.

गेटहॅम्प्टनला ब्रुनेलच्या रेल्वेपुलाच्या विटांच्या कमानीखालून गेलो. तो १८४० च्या सुमाराचा, त्याच्यावरून अजून गाड्या धडधडतात. पूर्वी नावा ओढणारे घोडे इथेच कुठेतरी होडीत घालून पलीकडच्या काठाला नेत, कारण ओढवाट इथून काठ बदलायची. होडी गेली, घोडे गेले, आणि पायी चालणाऱ्याला या काठावरच राहून हार्ट्सलॉकच्या रानातून टेकडी चढावी लागते. खडूची टेकडी. पावसानं भिजलेल्या खडूवर पाय ठेवायचा असेल तर आधी हात कुठे टेकणार ते ठरवून ठेवावं.

वर डोक्यावर दोन घारी घिरट्या घालत होत्या, लालसर, शेपटीला खाच असलेल्या. वाटेतले सगळे इंग्रज माना वर करून बघत होते. एका आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नानाला कळेना. घार? मासळी बाजारावर असतात त्या? शेजाऱ्यांनी सांगितलं की इंग्लंडातून या पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, तेव्हा कुठे पुन्हा वाढल्या.

"घारी? इम्पोर्ट केल्या?"

"आता थोड्या जास्त झाल्यात," शेजारी म्हणाले. "सहलीला आलेल्यांच्या हातातलं सँडविच नेतात."

वहिनींनी लाडवांचा डबा जॅकेटच्या आत घातला. एका आडव्या पडलेल्या झाडावर बसून आम्ही ते खाल्ले, एक डोळा वर ठेवून. शेजाऱ्यांनी पहिला घास घेतला आणि यात काय काय आहे विचारलं. खारीक, खोबरं, गूळ, खसखस आणि डिंक. डिंक म्हणजे? झाडाचा, डॉक्टर म्हणाले, ज्यानं पूर्वी पाकिटं चिकटवत. बाळंतिणीला देतात, कंबर भरून यायला. शेजाऱ्यांनी चावणं थांबवलं, विचार केला, पुन्हा सुरू केलं आणि दुसरा लाडू घेतला. आपली कंबरही बरेच दिवस दुखतेय, म्हणाले. मी इतकी वर्षं त्यांचा शेजारी आहे. कंबरेचं मला हे पहिल्यांदा कळत होतं.

तिथेच त्यांनी टेकडीमागे हात दाखवून स्टोक रोची गोष्ट सांगितली. काही मैलांवर हे गाव आहे. खाली थेम्स दुथडी वाहते आणि वरच्या गावाला प्यायला पाणी नाही, कारण खडू पाणी पिऊन टाकतो, वर ठेवत नाही. त्या भागातला एक रीड नावाचा माणूस हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं आझमगडकडे लोकांसाठी विहीर खोदवली होती, आणि आपल्याकडच्या पाण्याच्या हालांची हकिगत काशीच्या महाराजांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि इंग्लंडातल्या त्या खेड्याला विहीर बांधून दिली. १८६४ साली खुली झाली. ३६८ फूट खोल, सगळी हातानं खणलेली. वर घुमट आहे, रहाटावर सोनेरी हत्ती.

नाना इतका वेळ गप्प राहिलेला मी कधी पाहिला नाही. मग त्यानं खातेनिहाय विचारलं, "३६८ फूट? हातानं? कुणाच्या हातानं?"

"आमच्या," शेजारी म्हणाले. "म्हणजे गावाजवळच्याच कारागिरांनी खणली. पैसे तुमचे."

"म्हणजे डोनर आम्ही, काँट्रॅक्टर तुम्ही," नाना म्हणाला आणि त्यानं शेजाऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. इंग्रज माणसाच्या पाठीवर परवानगीशिवाय थाप मारणं हा काय प्रकार आहे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी माझा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. शेजारी थोडे पुढे झुकले, सावरले, आणि त्यांनी बिस्किटला हाक मारली. ती त्यांच्या पायाशीच बसली होती.

उतारावर पाऊस आला. आता मान वर करायची सोयच राहिली नाही, तेव्हा पुढचं बोलणं आणखी मोकळं झालं असावं. वाऱ्यासोबत तुकडे मागे येत होते. पेन्शनचा आकडा आला. नानानं लगेच रुपये केले आणि शीळ घातली. बायको बारा वर्षांपूर्वी गेली हे आलं. गेली म्हणजे वारली नव्हे, डेव्हनला गेली, हेही आलं. मग भाऊ आला. शेजाऱ्यांना भाऊ आहे! थोरला. वडील वारल्यावर घरातल्या एका लंबकाच्या घड्याळावरून दोघांत अबोला झाला, तो अजून आहे. नाताळाला कार्ड येतं, त्यावर फक्त सही असते.

"घड्याळ सोन्याचं?"

"छे. ओक लाकडाचं. चालतही नाही."

"मग तर केस स्ट्राँग आहे," नाना म्हणाला आणि त्यानं चुलतभाऊ, ऊस आणि तहसीलदार पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतले.

व्हिटचर्चला उतरलो तेव्हा साडेतीन वाजत आले होते आणि उजेड आवराआवर करत होता. जानेवारीत इथे चारनंतर सूर्याला थांबवून घेता येत नाही. गावातून पँगबर्नला जायला नदीवर पांढऱ्या लोखंडी कठड्याचा पूल आहे. पुलावर टोलनाका. पायी जाणाऱ्याला काही द्यावं लागत नाही, पण मोटारींकडून अजून घेतात, आणि सरकार नाही घेत. १७९२च्या कायद्यानं स्थापन झालेली एक खासगी कंपनी घेते. पूल तेव्हापासून अनेकदा नवा झाला, कंपनी तीच.

हे ऐकून आतापर्यंत मुकाट चाललेले डॉक्टर उसळले. त्यांच्या कोल्हापूरनं टोलविरुद्ध असं आंदोलन केलंय की नाके पेटले आणि शेवटी टोल गेला. "१७९२पासून? आणि कुणी काहीच केलं नाही?"

"लोक कुरकुर करतात," शेजारी म्हणाले.

"कुठे?"

"मनात."

डॉक्टर नाक्यासमोर काठ्या रोवून उभे राहिले. नाक्यावरचा माणूस त्यांना 'आफ्टरनून' म्हणाला. डॉक्टरांनीही 'आफ्टरनून' म्हटलं, आणि कोल्हापूरची परंपरा तिथे थोडी खंडित झाली.

पँगबर्न हे पळून जाण्यासाठी प्रसिद्ध गाव आहे. जेरोम के. जेरोमच्या १८८९च्या पुस्तकातले ते तिघे आणि कुत्रा, थेम्सवरची सहल शेवटपर्यंत पुरी करायच्या शपथा घेऊन, पावसाला कंटाळून इथेच नाव सोडतात आणि गाडी पकडून लंडनला सटकतात. मुळात जेरोमला थेम्सचं सौंदर्य आणि इतिहास सांगणारं गंभीर पुस्तक लिहायचं होतं म्हणे. नदीकाठी तीन माणसं ओली झाली की गांभीर्य टिकत नाही, त्याला तो काय करणार? आमच्यातल्या कुणाचीही शपथ नव्हती. स्टेशन समोर होतं. पण शेजाऱ्यांनी पबमध्ये टेबल राखून ठेवलं होतं, महिनाभर आधी.

पबच्या दारात बूट काढून ठेवायची जागा होती आणि कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं. आत शेकोटी, शेकोटीपुढे ओल्या लोकरीचा आणि ओल्या कुत्र्यांचा एकत्रित वास. बिस्किट टेबलाखाली आडवी झाली आणि घोरू लागली. वहिनींनी मोजे बदलले. मग दुसरी जोडी का सांगितली होती तेही कळलं, कारण नानाच्या बुटातल्या वर्तमानपत्रांचा लगदा झाला होता. आम्ही टेबलाभोवती बसलो. शेजारी एका बाजूला, समोर नाना, मधे मेणबत्ती.

आणि शेजारी मिटले. बघता बघता. चार तास चिखलात भडाभडा बोललेला तो माणूस आता मेनूकार्डाआडून म्हणाला, बाहेर जरा गार आहे नाही. डॉक्टर म्हणाले, हो. उद्या उघडेल बहुधा. हो, बहुधा. सोमवारी हिरवा डबा ना? नाही, मी म्हटलं, काळा. पुन्हा शांतता. चिप्स आल्या. नानाला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या लेखी गप्पा मधेच तुटल्या होत्या आणि मुद्द्याचं राहिलं होतं. त्यानं चिप्सना व्हिनेगर मारलं, पुढे वाकला, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सगळ्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

"सर, बट टेल मी. घड्याळ आत्ता आहे कुणाच्या ताब्यात?"

शेजारच्या टेबलावरच्या काटे-सुऱ्या थांबल्या. शेजारी लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मेणबत्ती डावीकडची उजवीकडे ठेवली. मग उठले आणि म्हणाले, "मला वाटतं, बिस्किटला जरा फिरवून आणायला हवं."

बिस्किट गाढ झोपली होती. तिला पट्ट्यानं उभं करावं लागलं. दाराशी जाऊन शेजारी वळले आणि नानाकडे बघून, म्हणजे नानाच्या जरा डावीकडच्या भिंतीकडे बघून, म्हणाले, "तुम्ही येताय?"

नानानं ते ओले बूट पुन्हा चढवले.

खिडकीतून पबमागचा कार पार्क दिसत होता. अंधार झाला होता, पाऊस होताच. डॉक्टरांचा डोक्याला बांधायचा दिवा नानानं कानटोपीवर बांधला होता, त्यामुळे ते दोघं कुठे आहेत ते कळत होतं. मोटारींच्या कडेनं, बाटल्यांच्या पिंपावरून, कुंपणापाशी वळून पुन्हा मोटारींच्या कडेनं. दोघांच्याही माना खाली. शेजाऱ्यांचा एक हात हवेत, लंबकाएवढं माप दाखवत.

"कितवी फेरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथी असेल," वहिनी म्हणाल्या. "मारुतीला अकरा घालतो तो."

तेवढ्यात पाच बशांमधून गरम ॲपल क्रंबल आलं, वर पातळ कस्टर्ड घातलेलं. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, अंदाज घेतला, आणि त्या दोघांच्या बशा आमच्याकडे सरकवल्या.